गोव्याचा कौल आणि संसदेचा संयम

दरवर्षी १६ जानेवारी हा दिवस गोव्यात 'अस्मिताय दीस' म्हणून पाळला जातो. १९६७ साली याच दिवशी गोव्याच्या मतदारांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. महाराष्ट्रात, आणि महाराष्ट्राबाहेर विखुरलेल्या आम्हा मराठी भाषकांतही, या दिवसाविषयी फारसे कोणी बोलत नाही. जे आपल्या मनासारखे झाले त्याची जयंती होते. जे झाले नाही ते विस्मरणाच्या अडगळीत टाकले जाते. परंतु लोकशाहीची परीक्षा मनासारखे झालेल्या निकालात होत नसते. म्हणून गोव्याचा तो कौल, त्यापूर्वी संसदेने घेतलेली खबरदारी आणि त्यानंतर तिने पाळलेला संयम, यांची उजळणी करावी असे आम्हांस वाटले.

आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. बालाघाटला नागपूरचे वर्तमानपत्र गोंदियाहून येणाऱ्या छोट्या गाडीने येई. निकालाचा अंक हाती पडला तेव्हा घरात दोन-तीन वडीलधारी मंडळी बसली होती. गोवा महाराष्ट्रात येणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांपैकी एकाने गोवेकरांना कृतघ्न म्हटले. आमच्या वडिलांनी मात्र अंकाची घडी घालून तो बाजूला ठेवला आणि ते म्हणाले, "त्यांना विचारले, म्हणून त्यांनी सांगितले. आपल्याला कोणी विचारले होते?" त्या वयात या वाक्याचा अर्थ आम्हांस कळला नाही. पुढे शासकीय सेवेत निवडणुकांची कामे करता करता तो थोडाथोडा उलगडत गेला.

वडिलांच्या म्हणण्यामागे आमच्या जिल्ह्याचा इतिहास होता. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला. वैनगंगेच्या खोऱ्यात पवारी, लोधी, गोंडी, हिंदी आणि मराठी अशा बोली व भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. कचेरीचे काम असो, उच्च न्यायालयातील दावा असो वा मुलाचे शिक्षण, बालाघाटच्या माणसाची वाट नागपूरकडेच जाई. १९५५ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचविले. बालाघाट त्या आठांत नव्हता. संसदेने विदर्भाचे स्वतंत्र राज्य न करता ते आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात घातले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. सोयरे मात्र गोंदिया-भंडाऱ्यातच राहिले.

यात कोणी आमच्यावर अन्याय केला, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. जिल्ह्यात मराठी बोलणारे अल्पसंख्य होते व आहेत. मतदान घेतले असते तरी बालाघाटने कदाचित मध्यप्रदेशच निवडला असता. प्रश्न निकालाचा नाही, विचारण्याचा आहे. आमच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याची सीमा, क्षेत्र वा नाव बदलण्याचा अधिकार संसदेस आहे. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते. पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. मुंबई राज्याची तीन भागांत विभागणी सुचविणारे विधेयक विधिमंडळाच्या मतासाठी गेले, आणि संसदेने मात्र शेवटी द्विभाषिक राज्य केले. त्याविरुद्ध बाबूलाल पराते यांनी केलेल्या याचिकेत १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: एकदा मत मागविल्यावर, विधेयकात बदल झाला म्हणून पुन्हा विचारण्याचे बंधन नाही. जनतेस थेट विचारण्याची तरतूद तर घटनेत कोठेच नाही.

न विचारता केलेल्या या रचनेचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्राच्या वाचकांस सांगावयास नको. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभरावर माणसांनी प्राण गमावले, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने आपले मत मतपेटीतून सांगितले, आणि १ मे १९६० रोजी संसदेस आपलीच रचना मोडून दोन राज्ये करावी लागली. गोव्याचा प्रश्न दिल्लीपुढे आला तेव्हा हा अनुभव ताजा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव पोर्तुगिजांच्या सुमारे साडेचारशे वर्षांच्या सत्तेतून मुक्त झाले. पुढील वर्षी बाराव्या घटनादुरुस्तीने त्यांस केंद्रशासित प्रदेशाचे स्थान मिळाले. ९ डिसेंबर १९६३ रोजी तेथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतमोजणी झाली तेव्हा दिल्ली चकित झाली. ज्या काँग्रेसचे राज्य देशभर होते, तिला गोव्याच्या अठ्ठावीस जागांपैकी एकही मिळाली नाही. महाराष्ट्रात विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पहिल्या क्रमांकावर आला, आणि गोव्याचे वेगळेपण राखू पाहणारा युनायटेड गोवन्स पक्ष बारा जागांसह विरोधी बाकांवर बसला. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते झाले.

विलीनीकरणाची मागणी केवळ भाषाप्रेमातून आली होती, असे समजणे चुकीचे होईल. नव्या काबिजादीतील, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी यांसारख्या तालुक्यांतील बहुजन समाजास भाटकारांच्या आणि उच्चवर्णीयांच्या वर्चस्वातून सुटण्याची वाट महाराष्ट्रात दिसत होती. देवळातील कीर्तन, घरातील पोथी आणि शाळेतील पुस्तक मराठी होते. उलट सासष्टीसारख्या जुन्या काबिजादीत, विशेषतः ख्रिस्ती समाजात, मोठ्या राज्याच्या एका कोपऱ्यातला जिल्हा होऊन राहण्याची धास्ती होती. कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे, असे मानणारे हिंदू लेखक व कार्यकर्तेही त्या बाजूस होते. बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयी नाराजी होती. महाराष्ट्रातील दारूबंदी आली तर माडाची सूर काढून पोट भरणाऱ्या रेंदेराने काय करावे, हाही प्रश्न होता. दोन्ही बाजूंना खऱ्या गरजा होत्या आणि खरी भीती होती. ज्या प्रश्नावर घराघरात दोन मते असतात, त्याचे उत्तर कोणी एकाने दुसऱ्यास मूर्ख वा देशद्रोही ठरवून मिळत नाही.

१९६५ च्या जानेवारीत गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. मार्चमध्ये महाराष्ट्र विधानसभेने त्यास अनुकूल ठराव केला. म्हैसूर राज्याची भूमिका याच्या विरुद्ध होती. आता कायद्याच्या दृष्टीने पाहता संसदेपुढे मार्ग मोकळा होता. तिसऱ्या अनुच्छेदाचा अधिकार हाती होता आणि निवडून आलेल्या विधानसभेचा ठरावही होता. गोमंतक पक्षाचे म्हणणेही तर्कशुद्ध होते: १९६३ ची निवडणूक आम्ही विलीनीकरणाच्या प्रश्नावरच लढविली व जिंकली, तोच कौल नव्हे काय? पुन्हा विचारावयाचे कशास?

याचे उत्तर सोपे नाही. लोकप्रतिनिधींवर एवढाही विश्वास ठेवावयाचा नसेल तर ते निवडावयाचे कशासाठी, ही शंका रास्तच आहे. परंतु निवडणुकीत मतदार अनेक गोष्टी एकाच मताने सांगत असतो. कूळकायदा हवा, शाळा हवी, अमुक माणूस नको आणि तमुक माणूस आपल्या समाजाचा आहे, हे सारे त्या एका शिक्क्यात येते. त्यातून विलीनीकरणाचे मत नेमके किती, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय सरकार चुकले तर पाच वर्षांनी बदलता येते. एकदा पुसलेली सीमा पाच वर्षांनी पुन्हा आखता येत नाही. गोव्याचे वेगळेपण तेथील लोकांच्या इच्छेविरुद्ध पुसले जाणार नाही, असे आश्वासन नेहरूंनी दिले होते. त्या आश्वासनाचा आधार घेऊन पुरुषोत्तम काकोडकरांसारख्या नेत्यांनी दिल्लीत चिकाटीने प्रयत्न केले. अखेर इंदिरा गांधींच्या सरकारने थेट जनतेस विचारण्याचे ठरविले.

त्यासाठी संसदेने 'गोवा, दमण आणि दीव (जनमत कौल) अधिनियम, १९६६' संमत केला. लोकसभेने १ डिसेंबरला, राज्यसभेने ७ डिसेंबरला आणि राष्ट्रपतींनी १६ डिसेंबरला त्यावर मोहोर उठविली. राज्यघटना अमलात आल्यानंतर संसदेने कायदा करून घेतलेला असा कौल हा एकच. जुनागढचे सार्वमत १९४८ सालचे, म्हणजे घटनेपूर्वीचे. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, त्या वेळी केंद्रात गृहमंत्रिपदावर नुकतेच यशवंतराव चव्हाण आले होते. ज्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा मंगल कलश आणला, त्यांच्याच कारकीर्दीत महाराष्ट्राच्या इच्छेविरुद्ध जाऊ शकेल असा कौल घेतला गेला, आणि तो निर्विघ्न पार पडला.

तेव्हाच्या काही व्यवस्था आज शासकीय नजरेने पाहता आम्हांस मोलाच्या वाटतात. बांदोडकरांचे मंत्रिमंडळ सत्तेवर असताना कौल निःपक्ष होणार नाही, असा आक्षेप होता. मंत्रिमंडळाने ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला आणि प्रदेश राष्ट्रपतींच्या राजवटीखाली आला. निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याने केवळ प्रश्न स्वच्छपणे विचारला जावा म्हणून खुर्ची सोडणे, हे तेव्हाही दुर्मीळ होते. गोव्याबाहेर, विशेषतः मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनाही मताधिकार हवा, ही मागणी मान्य झाली नाही. ज्यांची नावे गोव्याच्या मतदार यादीत, त्यांनीच मत द्यावे असे ठरले. हा निर्णय विलीनीकरणाच्या विरोधकांना रुचला नाही, जसा मुळात कौल घेण्याचा निर्णय समर्थकांना रुचला नव्हता. दोन्ही पक्षांना थोडे थोडे न रुचलेले नियम दोन्ही पक्षांनी पाळले.

प्रश्न साधा होता. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, की केंद्रशासित राहावा? दमण आणि दीवच्या लोकांना गुजरातविषयी हाच प्रश्न विचारला होता. गोव्यात विलीनीकरणाचे चिन्ह होते फूल. वेगळे राहण्याचे चिन्ह होते दोन पाने. 'गोमन्तक'ने विलीनीकरणाची बाजू मांडली. विशेष म्हणजे विरोधाची बाजूही मराठीतूनच मांडली गेली. 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक, त्यात उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर, आणि ते मराठी वाचणाऱ्या हिंदू घरांत पोचत होते. मराठीवर प्रेम असणे आणि महाराष्ट्रात जाणे या दोन गोष्टी एकच नाहीत, हे मराठीतूनच सांगितले गेले.

'कौल' हा शब्दही येथे किती चपखल आहे पाहा. कोंकण-गोव्यातील देवळांत आजही देवाला कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर फुलांच्या ओल्या पाकळ्या वा कळ्या चिकटवितात, गुरव गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारतो, आणि कळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावरून होकार-नकार समजतात. ही श्रद्धा कोणी मानो वा न मानो, तिच्यात एक शिस्त आहे. प्रश्न आधी स्पष्ट शब्दांत मांडावा लागतो. मनाजोगे उत्तर मिळेपर्यंत पुनःपुन्हा तोच कौल लावणारा माणूस गावात हसे करून घेतो. आणि लग्नाविषयी विचारले असेल तर त्या उत्तरावरून शेताचा निर्णय घ्यावयाचा नसतो.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. ३ लाख ८८ हजार ४३२ मतदारांपैकी ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी, म्हणजे शंभरात जवळजवळ ब्याऐंशी जणांनी, मत दिले. विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७० मते पडली, विरुद्ध १ लाख ७२ हजार १९१. सात हजारांवर मते बाद झाली. अंतर ३४ हजार २१ मतांचे. म्हणजे सतरा हजारांहून थोडे अधिक मतदार या बाजूचे त्या बाजूस गेले असते, तर गोवा आज महाराष्ट्रातील एक जिल्हा असता. हिंदूंचे बहुमत असलेल्या प्रदेशात हा निकाल केवळ ख्रिस्ती मतांनी लागणे शक्य नव्हते. हिंदूंपैकीही पुष्कळांनी दोन पानांवर शिक्का मारला, हे उघड आहे.

हा निकाल बंधनकारक होता काय? काटेकोरपणे पाहता, नाही. तो 'कौल' होता, निवाडा नव्हता. संसदेचा तिसऱ्या अनुच्छेदाचा अधिकार १७ जानेवारीसही तसाच शाबूत होता. अंतर थोडे आहे, मते बाद झाली आहेत, प्रचारात अफवा पसरविल्या गेल्या, बाहेरच्या पैशाने निकाल फिरविला, असे म्हणणारे तेव्हा महाराष्ट्रात थोडे नव्हते. प्रत्येक हरलेल्या पक्षास असे म्हणता येते. आणि त्यात कधी कधी तथ्यही असते. परंतु संसदेने तो अधिकार वापरला नाही, आणि पुन्हा कौल घ्या अशा मागणीस तिने दाद दिली नाही. न केलेल्या कायद्याची नोंद राजपत्रात होत नाही, म्हणून संसदेच्या या संयमाचे श्रेय तिला कोणी दिलेले नाही.

पुढचा भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. कौलानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले, त्यांनीच विलीनीकरणवादी गोमंतक पक्षास तीसपैकी सोळा जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसविले. दिल्लीतील पंडितांना हे कोडे वाटले असेल. मतदारास ते कोडे नव्हते. आम्हांस तुमचे राज्य हवे, तुमचे विलीनीकरण नको, असे त्याने दोन वेगळ्या मतपत्रिकांवर दोन वेगळ्या वेळी लिहून दिले. संसदेने प्रश्न वेगळा काढून विचारला नसता, तर हे दुहेरी उत्तर कधी ऐकूच आले नसते. बांदोडकरांनीही ते ऐकले. पक्षाचे नाव बदलले नाही, पण राज्य गोव्याचे म्हणून चालविले. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी ते निवर्तले, तोवर त्यांना हरविणे कोणास साधले नाही. हरलेल्या प्रश्नानंतरही माणसास काम उरते, हे त्यांच्या चरित्रावरून शिकावे.

कौलाचा मान राखणे म्हणजे एक तर तो उलटविण्याचा प्रयत्न न करणे. पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: कौलात जे विचारलेच नव्हते, ते त्यात वाचू नये. आमच्या मध्यप्रदेशात नगराध्यक्षास परत बोलावण्यासाठी मतदान घेण्याची तरतूद झाली, तेव्हा मतपत्रिकेवर भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची अशी दोन चिन्हे असत. रिकाम्या खुर्चीवर शिक्का मारणारा एवढेच सांगे की, बसलेला माणूस नको. त्या जागी कोण बसावे, हे त्यास विचारलेले नसे. गोव्याच्या मतदारानेही एवढेच सांगितले होते की, महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे नाही. कायम केंद्रशासित राहावयाचे आहे, असा त्याचा अर्थ काढणे चुकीचे ठरले असते. कारण घटकराज्याचा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. मराठी नको, असाही त्याचा अर्थ नव्हता. कारण भाषेचा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

हे उरलेले प्रश्न सोडविण्यास वीस वर्षे लागली, आणि ती वर्षे सरळ गेली नाहीत. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. ऐंशीच्या दशकात राजभाषेसाठी तीव्र आंदोलन झाले आणि १९८६ च्या अखेरीस त्यात माणसे मरण पावली. १९६७ साली जे रक्ताचा थेंब न सांडता ठरले, त्याचे उरलेले निम्मे उत्तर मिळविताना रक्त सांडले, ही खेदाची गोष्ट आहे. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोवा विधानसभेने राजभाषा अधिनियम केला: देवनागरी कोंकणी ही राजभाषा, आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्याही वापराची तरतूद. त्याच वर्षी संसदेने छप्पन्नावी घटनादुरुस्ती आणि पुनर्रचनेचा कायदा केला, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. १९९२ साली कोंकणी आठव्या अनुसूचीत आली. म्हणजे संसदेने १९६७ च्या उत्तराचा मान राखला आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढे यथावकाश, विधानसभेच्या साह्याने शोधली. ती अधिक लवकर शोधली असती तर काही प्राण वाचले असते, हेही येथेच नोंदविले पाहिजे.

ब्रिटनचे उदाहरण येथे सहज आठवते. २३ जून २०१६ रोजी तेथील जनतेने शंभरात बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस अशा फरकाने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. सोडावयाचे हे ठरले, पण कसे सोडावयाचे हे विचारलेच नव्हते. सरकार म्हणू लागले की, जनतेने सांगितले आहे, आता संसदेस विचारण्याचे कारण नाही. २०१७ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, संसदेच्या कायद्यावाचून ती प्रक्रिया सुरू करता येणार नाही. मग २०१९ मध्ये संसदेने सरकारचा करार तीनदा फेटाळला, सार्वमत पुन्हा घ्या अशी मागणी झाली, सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. तेथे एका पक्षास संसद म्हणजे जनतेच्या वाटेतील धोंड वाटली; दुसऱ्या पक्षास जनतेचा कौल म्हणजे संसदेने दुरुस्त करावयाची चूक वाटली. गोव्याच्या अनुभवावरून पाहता दोघांचेही चुकले. कौलाने दिशा कळते. त्या दिशेने रस्ता बांधण्याचे काम संसदेचेच असते, आणि ते चर्चेवाचून होत नाही.

आता थोडे आम्हा मराठी भाषकांविषयी. गोव्यात कौल झाला त्याच वर्षी महाजन आयोगाने आपला अहवाल दिला आणि बेळगाव कर्नाटकाकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. २००४ साली तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. बेळगावच्या मराठी माणसाची इच्छा विचारात घ्या, असे आपण गेली कित्येक दशके सांगत आलो आहोत, आणि ते रास्त आहे. परंतु जनतेची इच्छा हे आपले तत्त्व असेल, तर ते बेळगावात एक आणि पणजीत दुसरे असे चालणार नाही. गोव्यात जनतेची इच्छा विचारली गेली आणि ती आपल्या इच्छेविरुद्ध निघाली. ती मनापासून मान्य केली तरच बेळगावविषयी बोलताना आपल्या शब्दास वजन येईल. १९६७ साली आमच्या घरात उच्चारला गेलेला 'कृतघ्न' हा शब्द आम्हांस आजही टोचतो. ज्याला आपण स्वतः होऊन विचारले, त्याने नाही म्हटले तर तो कृतघ्न कसा?

निवडणुकीच्या कामात आम्ही अनेकदा मतदान केंद्रावर पीठासीन अधिकारी म्हणून रात्री काढल्या. बैहरच्या जंगलातील एका केंद्रावर मोजणी तेथल्या तेथेच व्हावयाची होती. पंचायतीची निवडणूक होती आणि फरक अवघ्या काही मतांचा निघाला. हरलेल्या उमेदवाराचा प्रतिनिधी कंदिलाच्या उजेडात कितीतरी वेळ कागद हातात घेऊन बसून राहिला. आम्ही त्यास घाई केली नाही. शेवटी त्याने सही केली आणि उठताना एवढेच विचारले, "साहेब, आता हातपंपाचा अर्ज कोणाकडे द्यावयाचा?" आम्ही जिंकलेल्या उमेदवाराचे नाव सांगितले. त्याने मान डोलाविली आणि तो अंधारात निघून गेला.

त्या रात्री आम्हांस वडिलांचे वाक्य आठवले. बालाघाटला १९५६ साली कोणी विचारले नाही, गोव्यास १९६७ साली विचारले. ज्यास विचारले जाते त्याच्यावर दोन जबाबदाऱ्या येतात: जिंकल्यास उत्तराची मर्यादा ओळखणे आणि हरल्यास सही करून पुढच्या कामास लागणे. विचारणाऱ्यावर तिसरी येते: उत्तर कोणतेही आले तरी ते ऐकणे. गोव्याच्या कौलात या तिन्ही जबाबदाऱ्या, काही उणिवांसह का होईना, पार पडल्या. येत्या १६ जानेवारीस मराठी माणसाने हा दिवस आपलाही म्हणून आठवावा, एवढीच आमची विनंती आहे.